कठडा ओढला की गज आपोआप कसे वाढतात?

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या बैठकांत हल्ली कागदी नकाशे फारसे उलगडले जात नाहीत. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडतात, भिंतीवर पडदा लावतात आणि आर्किटेक्टच्या ऑफिसमधून आलेली मंडळी लॅपटॉपवर अख्खी इमारत फिरवून दाखवतात. अशाच एका बैठकीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "बाल्कनी थोडी रुंद नाही का होणार?" लॅपटॉपवर बसलेल्या मुलीने कठड्याचं एक टोक माउसने धरलं आणि ओढलं. कठडा लांबला. गज जाड झाले नाहीत, विरळही झाले नाहीत. रिकाम्या जागेत नवे गज उभे राहिले आणि सगळे सारख्या अंतरावर आले.

माझ्या शेजारचे आजोबा पुढे वाकून बघत होते. म्हणाले, "अहो, पण किती गज घालायचे हे त्याला कसं कळलं?"

मी अशी ड्रॉइंगं करतो आणि नव्याने शिकणाऱ्यांना शिकवतोही. आजोबांना तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पुरलं नाही. त्यांचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता, म्हणून आता नीट सांगतो.

नुसतं ताणलं तर काय होतं

बॅनरवरचा फोटो जागेत बसवायला आडवा ताणला की चेहरा पसरट होतो, हे आपण चौकाचौकात पाहतो. ताणणाऱ्या कॉम्प्युटरला तिथे चेहरा दिसत नसतो, ठिपके दिसत असतात. इमारतीच्या ड्रॉइंगमध्ये कठडा नुसता ताणला तर तेच होतं, फक्त तिथे ते कुरूप दिसण्यावर थांबत नाही.

आकडे घेऊन बघू. दोन भिंतींच्या मध्ये ३००० मिलिमीटर म्हणजे ३ मीटरची बाल्कनी आहे. त्यात १६ मिमी जाडीचे २५ उभे गज आहेत आणि दोन गजांमधली फट १०० मिमी आहे. हा कठडा दीडपट, म्हणजे ४५०० मिमी लांब ताणला. गज २५ च राहिले, पण प्रत्येक जण आडव्या दिशेने २४ मिमी झाला. म्हणजे गोल गज लंबगोल झाला, जो बाजारात मिळत नाही. आणि फट झाली १५० मिमी.

हे दीडशे फार वाईट. कठड्याच्या फटीचा विचार लहान मुलाला धरून करतात. रांगतं मूल पाय आणि धड फटीतून बाहेर घालू शकतं, मग डोकं अडकतं. किंवा अडकतही नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या इमारतींच्या नियमावलीत कठड्यातून ४ इंच व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये, असं लिहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये पाच वर्षांखालची मुलं वावरण्याची शक्यता असेल तिथे हाच गोळा १०० मिमीचा धरतात. गोळ्याची कसोटी मला फार आवडते. कुठल्याही नक्षीला, कुठल्याही आकाराला ती लावता येते.

मी नवा असताना माझ्याकडून हे घडलेलं आहे. तयार कठडा उचलला, जागेच्या मापाला ताणला आणि ड्रॉइंग पुढे पाठवलं. फॅब्रिकेशन करणाऱ्या काकांचा फोन आला: "यात गज किती मिलिमीटरचा धरायचा ते सांगा, कारण कागदावर मोजतोय तर भलतंच येतंय." त्यांनी मोजलं म्हणून सापडलं. मोजलं नसतं तर त्या घरातल्या फटी किती झाल्या असत्या, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

पंगत लांबली तर पाट लांब होत नाहीत

उत्तर आपल्या पंगतीत आहे. कार्यालयाचा हॉल दहा फुटांनी मोठा मिळाला तर आपण पाट ताणत नाही. प्रत्येक पाहुण्याला दीडपट रुंद केळीचं पानही मांडत नाही. आपण पानं वाढवतो. एका पानाला किती जागा लागते हे वाढप्याला माहीत असतं, हॉलची लांबी डोळ्यासमोर असते, आणि तो मनात भागाकार करून सांगतो, "या बाजूला अठरा पानं बसतील." थोडी जागा उरली तर तो ती शेवटी तशीच सोडत नाही. सगळी पानं बोटभर सरकवून पंगत सारखी करतो.

पडद्यावर कठड्याने जे केलं ते हेच. त्या कठड्याच्या आत त्याचं चित्र आहे, शिवाय वाढप्याच्या डोक्यातला तो हिशेबही आहे. अशा हिशेबासकट साठवलेल्या वस्तूला मी इथे 'घटक' म्हणणार आहे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला कंपोनंट, ब्लॉक, फॅमिली अशी नावं आहेत. आणि घटकात जे मोजून पुन्हा पुन्हा मांडलं जातं, त्याला नुसतं 'ओळ' म्हणू.

काय थांबतं, काय ताणलं जातं, काय वाढतं

चांगला घटक बनवण्यातलं निम्मं काम कॉम्प्युटर सुरू करण्याआधीचं असतं. वस्तूकडे बघून तिचे तीन वाटे पाडायचे.

साडी डोळ्यासमोर आणा. सहावारीची नऊवारी झाली म्हणून पदर दीडपट होत नाही, तो आपल्या मापाचा राहतो. काठ साडीबरोबर सलग लांबत जातो. आणि अंगावरच्या बुट्ट्या? बुट्टी मोठी होत नाही, बुट्ट्यांची संख्या वाढते. विणकराला हे कुणी सांगावं लागत नाही.

कठड्यात दोन टोकांच्या पट्ट्या आणि भिंतीत बसणाऱ्या प्लेटा म्हणजे पदर, त्या थांबतात. वरचा हात ठेवायचा पाइप आणि खालची पट्टी म्हणजे काठ; ते ताणले जातात, पण फक्त लांबीत, जाडीत नाही. गज म्हणजे बुट्ट्या.

शिकणारी मुलं इथेच घाई करतात. खिडकीच्या ग्रिलमध्ये आडव्या पट्टीला नक्षीचा गोल असतो. तो यांतल्या कुठल्या वाट्यातला? ग्रिल रुंद झाली की गोल एकच राहून मध्यावर सरकेल, की दर चार गजांमागे एक असे गोल वाढत जातील? याचं उत्तर सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. नक्षी ज्याने आखली त्याला, किंवा जो ती वाकवून जोडणार आहे त्याला विचारावं लागतं. मी तरी दुसऱ्याला आधी विचारतो.

पाच खणांना सहा खांब

आता हिशेबातला सगळ्यात फसवा भाग. आपल्याकडे जुन्या घराचं मोठेपण खणांत सांगत. "पाच खणी घर", "तीन खणी माडी". खण म्हणजे दोन खांबांमधली किंवा दोन तुळयांमधली जागा. खणाची रुंदी मिळणाऱ्या लाकडाने ठरायची. ऐपत वाढली म्हणून लाकूड लांब होत नसे, त्यामुळे घर मोठं करायचं म्हणजे खण वाढवायचे. घटकाची ही कल्पना आपल्या वाड्यांत लाकडात उभीच आहे.

पण एका ओळीत पाच खण असतील तर खांब किती? सहा. जागा मोजायच्या की जागांच्या कडा मोजायच्या, यात नेहमी एकाचा फरक पडतो. कठड्यात तो उलटा होतो. दोन्ही बाजूंना भिंत असेल तर पहिली फट भिंत आणि पहिला गज यांच्यामध्ये असते, शेवटचीही तशीच. म्हणजे २५ गजांना २६ फटी. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कोपऱ्याचा गज असेल तर गज आणि फटी सारख्याच. भिंतच नसेल, कुंपणासारखं दोन्ही टोकांना खांब असतील, तर फट एकने कमी.

घटक बिघडलेला दिसला की मी आधी हा एक तपासतो.

प्रत्यक्ष हिशेब

भिंतीपासून भिंतीपर्यंत ३००० मिमी. गज १६ मिमीचा. फट जास्तीत जास्त १०० मिमी चालेल. कमीत कमी किती गज लागतील?

प्रत्येक गज आपल्याबरोबर एक फट घेऊन येतो असं समजा. ती जोडी ११६ मिमीची. शेवटी एक फट जास्तीची उरते, ती आधीच बाजूला काढू: ३००० वजा १०० म्हणजे २९००. भागिले ११६ म्हणजे बरोबर २५. पंचवीस गज.

आता कठडा ५० मिमीने ओढला. ३०५० वजा १०० म्हणजे २९५०, भागिले ११६ म्हणजे २५.४३. पावभर, अर्धा गज लावता येत नाही. मग २५ की २६? शाळेत शिकलो तसं जवळच्या आकड्याला गेलो तर २५, पण २५ गजांनी फट १०० च्या वर जाते. म्हणून इथे नेहमी वरचा आकडा घ्यायचा: २६. मग उलट जाऊन फट काढायची. ३०५० मधून २६ गजांचे ४१६ वजा, उरले २६३४, त्याच्या २७ फटी, प्रत्येक ९७.६ मिमी. हॉलमध्ये पानं सरकवून पंगत सारखी करणारा वाढपी इथे आला.

आणि ४५०० मिमीच्या त्या बाल्कनीला? ३८ गज, फट ९९.८ मिमी. नुसतं ताणलं होतं तेव्हा २५ गज होते आणि फट १५० होती. तेरा गजांचा फरक.

या तेरा गजांचं वजनही असतं. साइटवर सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र आहे: गजाच्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. १६ चा वर्ग २५६, भागिले १६२ म्हणजे १.५८ किलो. गज मीटरभर उंच धरला तर २५ गजांचे साडेएकोणचाळीस किलो, ३८ गजांचे ६० किलो. एका बाल्कनीत वीस किलो लोखंडाची चूक. चौदा मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार बाल्कन्या असल्या तर ती हजार किलोंच्या वर जाते. हिशेबासकट बनवलेल्या घटकातून गजांची संख्या थेट यादीत उतरते. ताणलेल्या चित्रातूनही उतरते, पण चुकीची.

हे सॉफ्टवेअरला सांगायचं कसं

मी स्केचअपचं उदाहरण घेतो. ते सॉफ्टवेअर २००० साली आलं, आपल्याकडच्या लहान ऑफिसांत भरपूर वापरलं जातं आणि त्यात हा हिशेब उघड्यावर दिसतो. २००८ साली आलेल्या स्केचअप ७ पासून त्यात डायनॅमिक कंपोनंट नावाची सोय आहे. त्याची खिडकी उघडली की एक्सेलच्या तक्त्यासारखे रकाने दिसतात. ज्याला एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून बेरीज करता येते, त्याला हे जमतं.

आधी दोन गोष्टी बनवायच्या: एक बाहेरचा घटक, म्हणजे कठडा, आणि त्याच्या पोटात एकच गज. पंचवीस नाही, एक. कठड्याच्या रकान्यात लांबी आपोआप असते. आपण जास्तीत जास्त फट आणि गजाची जाडी लिहितो, मग वरच्या हिशेबाने गजांची संख्या आणि खरी फट. वरच्या पूर्ण आकड्याला नेण्यासाठी 'सीलिंग' नावाचं फंक्शन आहे, म्हणजे छत. नाव चांगलं आहे.

मग गजाकडे यायचं. त्याला 'कॉपीज' नावाचा रकाना जोडायचा. इथे पुन्हा एकाचा फरक आहे: कॉपीज म्हणजे मूळ गज सोडून जास्तीचे गज. पंचवीस हवे असतील तर चोवीस लिहायचे, म्हणजेच 'संख्या वजा एक'. प्रत्येक गजाला सॉफ्टवेअर आपला क्रमांक सांगतं, मूळ गज शून्य, पुढचा एक, त्याच्या पुढचा दोन. त्या क्रमांकावरून गजाची जागा ठरते: पहिली फट, अधिक क्रमांक गुणिले फट-आणि-गज-जोडी. तिसऱ्या गजाचा क्रमांक दोन, म्हणून तो १०० अधिक २३२, म्हणजे भिंतीपासून ३३२ मिमीवर सुरू होतो.

एवढं लिहून कठडा ओढला की मुलांचे चेहरे खुलतात. आणि लगेच पडतात, कारण गज अजून जाड होत असतात. बाहेरचा घटक ताणला की पोटातलं सगळं त्याच्याबरोबर ताणलं जातं. ज्याला ताणायचं नाही त्याला तसं लिहून सांगावं लागतं. गजाच्या रुंदीच्या रकान्यात १६ मिमी स्वतंत्र लिहायचे. तेच टोकाच्या पट्ट्यांचं. साडीचा पदर कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही.

मापाची एकक पद्धतही आधीच ठरवा. त्या रकान्यांत माप इंचात जातंय की सेंटीमीटरमध्ये, हे न बघता आकडे टाकले की १.६ इंचाचे गज उभे राहतात.

अजून एक बारीक काटा. वर ३००० मिमीला उत्तर बरोबर २५ आलं. पण कॉम्प्युटर सगळे अपूर्णांक नेमके साठवू शकत नाही. आपण एक भागिले तीन लिहिताना ०.३३३ वर थांबतो, तसंच तो थांबतो. मिलिमीटरचे इंच होताना ही छोटी गफलत आत शिरते. मग २५ च्या जागी २५.००००००१ येतं आणि छताचं फंक्शन ते इमानाने २६ करतं. अशा वेळी गज एक जास्त लागतो, फट ९५.७ मिमी होते. बाळ सुरक्षितच राहतं, म्हणून मला याची धास्ती वाटत नाही. पण त्याच इमारतीत सारख्याच मापाच्या दोन बाल्कन्यांत २५ आणि २६ गज दिसले तर मालक विचारणारच. भागाकाराच्या उत्तरातून एकाच्या हजाराव्या हिश्शाएवढं काहीतरी वजा करून मग छताला न्यावं. काटा निघतो.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं का?

हिशेब तोच, बोलण्याची रीत वेगळी. ऑटोकॅडमध्ये २००६ च्या आवृत्तीपासून डायनॅमिक ब्लॉक आहेत. तिथे सूत्रापेक्षा कृतीची भाषा आहे: या चौकटीत जे येईल ते ताण, या गजाची इतक्या इतक्या अंतरावर ओळ लाव. हे शिकायला सोपं आहे. पण अंतर ठरलेलं असल्यामुळे शेवटी उरलेली जागा तशीच राहते, ती पानं सरकवण्याची पायरी आपोआप होत नाही. म्हणून तिथे मी लांबीच ठरावीक टप्प्यांनी वाढेल अशी बांधून घेतो. फरशीच्या किंवा तयार पॅनेलच्या कामाला हे उत्तम आहे, कठड्याला कमी.

रेव्हिटमध्ये ओळ बनवताना एक छोटा प्रश्न येतो आणि पुष्कळ जण त्याकडे न बघता पुढे जातात: तू सांगितलेली जागा दुसऱ्याची की शेवटच्याची? दुसऱ्याची म्हटलं तर दोन गजांमधलं अंतर ठरलं, ओळ जाईल तिथवर जाईल. शेवटच्याची म्हटलं तर दोन टोकं ठरली, मधले आपापसांत जागा वाटून घेतील. पंगतीचे दोन प्रकार! अंतर धरून बसायचं, की हॉल भरून बसायचं. कठड्याला दुसरा प्रकार लागतो.

ही कल्पना एवढी नवी आहे का?

नाही. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. टीएक्स-२ नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या पेनने रेषा काढायची. त्यात एक मूळ चित्र ठेवून त्याच्या कितीही प्रती मांडता येत, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलत. शिवाय या दोन रेषा समांतर राहू देत, या सारख्या लांबीच्या राहू देत, अशी बंधनंही घालता येत. आज पडद्यावर आपण जे ओढतो, त्याचा सगळा सांगाडा तिथे होता. घराघरांतल्या कॉम्प्युटरला तो पेलायला बराच काळ गेला, एवढंच.

"हाताने पंचवीस गज मांडले तर काय बिघडलं?"

एकदाच करायचं असेल तर काहीच नाही. एका बंगल्याचा एकच कठडा असेल तर हाताने मांडा, दहा मिनिटांचं काम. त्यासाठी दोन तास सूत्रं लिहू नयेत. माझ्यापुरता नियम असा की तीच वस्तू तिसऱ्यांदा वेगळ्या मापाने लागली की तिचा घटक करायचा.

कारण खरा त्रास पहिल्यांदा मांडताना होत नाही, बदलताना होतो. पुनर्विकासात बाल्कनीचं माप किती वेळा बदलतं हे ज्यांनी या बैठका पाहिल्यात त्यांना सांगायला नको. खांब सरकतो, सभासद मतं मांडतात, मंजुरीत काहीतरी सुचवतात. दर वेळी छप्पन्न बाल्कन्यांतले गज हाताने हलवणारा माणूस छत्तिसाव्या बाल्कनीत चुकतो. तो आळशी असतो म्हणून नाही, माणूस असतो म्हणून.

"मग सगळंच लवचीक करून टाका"

हेही नको. मी पाहिलेले सगळ्यात त्रासदायक घटक गरीब नव्हते, हौशी होते. एकाच खिडकीत गज आडवे-उभे, काच एक ते सहा, नक्षी तीन प्रकारची, जाळी हवी-नको, असं सगळं कोंबलेलं. रुंदी बदलली की आत कुठेतरी एखादी संख्या शून्यावर जाते आणि सगळं फिस्कटतं. रेव्हिटमध्ये ओळीच्या पोटात ओळ, तिच्या पोटात अजून ओळ अशी रचना केली की फाइल जड होऊन रांगायला लागते. आणि बनवणारा नोकरी सोडून गेला की त्या सूत्रांना हात लावायचं धाडस कुणी करत नाही.

घटकाला किती ताणता येईल याची वरची-खालची मर्यादाही घालावी. कठडा २०० मिमीवर आणला तर काय होईल? सूत्र सांगेल एक गज, फट ९२ मिमी. ठीक. शंभरवर आणला तर संख्या शून्य आणि नऊ मीटरवर नेला तर भाबडं सूत्र ७७ गज मांडून मोकळं होईल. पण नऊ मीटरचा पाइप मध्ये आधाराशिवाय लचकेल, हे त्याला कोण सांगणार? मध्ये दणकट खांब हवा. पंगतीतही वाढप्याला जायला मध्ये वाट सोडतातच.

जिन्याला हाच हिशेब का जास्त कडक

एक मजला ३००० मिमी उंच आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात पायरीची उंची १९० मिमीपेक्षा जास्त नसावी. ३००० भागिले १९० म्हणजे १५.७९, वरचा आकडा १६. प्रत्येक पायरी १८७.५ मिमी. सोळा चढांना पाय ठेवायच्या जागा पंधरा, कारण सोळावा चढ थेट वरच्या मजल्यावर नेतो. पुन्हा खण आणि खांब.

इथे उरलेली उंची शेवटच्या पायरीत ढकलणं फार धोक्याचं आहे. जिना चढताना दोन पायऱ्यांनंतर पाय उंची लक्षात ठेवतात, डोळे बघत नाहीत. एकच पायरी ठेंगणी निघाली की माणूस अडखळतो. म्हातारं माणूस पडतं. जुन्या इमारतींत तळमजल्याची फरशी मागाहून जाड केलेली असते आणि पहिली पायरी बुटकी होते, तिथे हे रोज बघायला मिळतं. जिन्याच्या घटकात 'सारखं वाटून घेणं' ही अट मी कधीच सैल ठेवत नाही.

"पण साइटवर मिलिमीटर पाळतं कोण?"

हा सगळ्यात खरा आक्षेप. कागदावर ३००० लिहिलेली बाल्कनी प्लास्टर झाल्यावर २९८५ भरते, नाहीतर ३०१२. २९८५ ला काही अडत नाही: गज २५ च, फट ९९.४. पण ३०१२ ला २५ गज लावले तर फट १००.५ होते, आणि सूत्र २६ मागतं. तोवर फॅब्रिकेटरने पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे कापून ठेवलेले असतात.

म्हणून मी घटकात जास्तीत जास्त फट १०० कधीच लिहीत नाही. ९५ लिहितो. मग ३००० मिमीला २७ गज येतात, फट ९१.७ मिमी. साइटवर भिंत १२ मिमीने मागे गेली तरी तेच २७ गज लावून फट ९२.१ राहते. कापलेला एकही गज वाया जात नाही, आणि काकांना फक्त वरचा पाइप आणि खालची पट्टी नव्या मापाने कापायची असते. दोन गज जास्त लागतात, म्हणजे तीन किलोंच्या आसपास लोखंड. तेवढं मालकाला आधी सांगून ठेवतो.

बैठकीनंतर आजोबांनी मला पार्किंगच्या दारात गाठलं होतं. त्यांचा नातू दीड वर्षाचा आहे, नव्या घरात ते सातव्या मजल्यावर जाणार आहेत. गोळ्याची कसोटी त्यांना सांगितली. त्यांनी बोटांनी हवेत दहा सेंटीमीटर धरून बघितले आणि विचारलं, आताच्या घराच्या कठड्यालाही हे घरच्या घरी तपासता येईल का? येईल. चार इंच जाडीचा गोल डबा घ्या, त्याला दोरी बांधा म्हणजे खाली पडणार नाही, आणि प्रत्येक फटीत आतल्या बाजूने ढकलून बघा. भिंतीजवळची पहिली आणि शेवटची फट विसरू नका. बहुतेक वेळा तीच मोठी असते.